सरांच्या खांद्याला शेक

फिजिओथेरपिस्टला हार्ट अटॅक येऊच शकत नाही, असं आमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना ठाम वाटायचं. खरंच! कारण काय, तर आम्ही दिवसभर व्यायाम करतो. आम्ही करतो? पेशंट करतात! आम्ही बाजूला उभं राहून "हं, अजून एक" म्हणतो. पण पेशंटचा घाम हे लोक बिनधास्त स्वतःच्या नावावर जमा करायचे.

नव्वदच्या दशकातलं सुरत, ट्रस्टचं हॉस्पिटल, माझी पहिली नोकरी. आमचे सर मूळचे अकोल्याचे, पन्नाशीला टेकलेले. सकाळी हॉस्पिटल, दुपारी स्कूटरवरून घरोघरी पेशंट, संध्याकाळी पर्वत पाटिया भागात स्वतःचं क्लिनिक. जेवायला वेळ कुठला? मग ज्याच्या घरी जातील तिथे फाफडा नाहीतर खमण. नको म्हटलं तर घरचे रुसतात म्हणे! आणि हाच माणूस बायपासवाल्यांना तेल बंद करा म्हणून झापणार. वर तोरा काय, तर "मी कधी सुट्टी घेत नाही." जसं काही पदकच मिळणार होतं.

तर सरांचा डावा खांदा दुखायला लागला. जिना चढताना दुखायचा, थांबलं की राहायचा. पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा हे ऐकवा, ती म्हणतील आधी हृदय बघा. आमच्याकडे मात्र परिसंवाद! आमच्या दोन सीनियर मॅडमपैकी एक म्हणाल्या, "मानेतून येतंय." दुसऱ्या म्हणाल्या, "छे, स्कूटरचा क्लच दाबून दाबून झालंय."

"सर, एक ईसीजी काढू या ना," मी म्हटलं.

"काऊन घाबरून राह्यली वं? मसल आहे ते. ईसीजीला गेलो तर वरचे हार्टवाले हसतील. म्हणतील, याला स्वतःचा खांदा समजत नाही!"

म्हणजे जीव गेला तरी चालेल, पण हसू नये कोणी. मग रोज सकाळी पेशंट यायच्या आधी सर शेकाच्या मशीनसमोर, आणि दोन्ही मॅडम आळीपाळीने, "मोकळं वाटतंय ना?"

त्या दिवशी कतारगामचे एक हिरेवाले काका आलेले, मुंबईहून बायपास करून. सर त्यांना आमच्या व्यायामाच्या लाकडी पायऱ्या चढून दाखवत होते. दाखवता दाखवता कठडा धरून थांबले. चेहरा राखेसारखा. डोक्यावर पंखा फुल आणि शर्ट ओलाचिंब.

"क्लच," दुसऱ्या मॅडम म्हणाल्या. देवाशपथ!

काकांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "साहेब, श्वास चढे तो बेसी जवानुं. तमे ज कहो छो ने?"

दम लागला की बसायचं, हा सरांचाच नियम. सर बसले. बोलताच येईना त्यांना. मी व्हीलचेअर ओढली, त्यांना त्यात घातलं आणि सुटले लिफ्टकडे. मागून आवाज, "अगं, आधी शेक तरी दे!"

वर ईसीजी निघाला. कोणी हसलं नाही.

सर वाचले. काही आठवड्यांनी त्याच पायऱ्यांपुढे उभे, आता पेशंट म्हणून. दोन्ही मॅडम नारळपाणी घेऊन हजर. "खांदा कसा आहे आता?" अजून खांदाच!

"फक्त दोन पायऱ्या?" सर माझ्यावर चिडले. "अवं, आयुष्यभर हेच तर केलं मी."

"तुम्ही नाही सर, पेशंटनी. तुम्ही नुसते मोजत होता. आता मी मोजते, चढा."