वय अधिक टक्के

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, वाईच्या आईला नाही, ज्यांच्याबरोबर ड्यूट्या केल्या त्या मैत्रिणींनाही नाही. परवा दवाखाना बंद केला, तेव्हा गावातल्या लोकांनी छोटासा कार्यक्रम केला. माईकवर कुणीतरी म्हणालं, बाईंनी पेशंटला कायम धीर दिला. टाळ्या वाजल्या. माझं डोकंच फिरलं. धीर! या शब्दाचा मला इतका संताप येतो — पण थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काही कळायचं नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सांगलीतल्या एका इस्पितळात मी निवासी डॉक्टर होते, जळीत वॉर्डात. पहिल्याच आठवड्यात सरांनी एक बेरीज शिकवली. पेशंटचं वय घ्यायचं, त्यात भाजल्याचे टक्के मिळवायचे. शंभराच्या वर गेलं की आशा धरायची नाही. टक्के कसे काढायचे? पेशंटचा स्वतःचा तळहात म्हणजे साधारण एक टक्का. बेरीज केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायची, आणि नातेवाईक दिसले की कागद पालथा घालायचा. अशी आमच्याकडची रीत होती.

कारणाच्या रकान्यात मात्र काही शोधावं लागत नसे. स्टोव्हचा भडका. मला सांगा, हा स्टोव्ह नेमका सुनांवरच कसा हो भडकतो? सासू त्याच्यावरच चहा करते, नणंद त्याच्यावरच पाणी तापवते, त्यांच्या पदराला कधी धग लागत नाही? आम्हाला सगळ्यांना सगळं कळत होतं. आम्ही सह्या ठोकत होतो आणि मेसमध्ये जाऊन जेवत होतो.

तिला शालन म्हणते. खरं नाव ते नाही. कुंडलच्या पुढच्या एका गावातल्या ऊसवाल्या घरातली सून. सकाळी जीपमधून आणली. वय तेवीस. मी मोजलं — ब्याऐंशी टक्के. कोपऱ्यात लिहिलं, एकशेपाच. आणि कागद पालथा घातला.

खूप खोल भाजलेली माणसं पहिल्या दिवशी फसवतात. नसाच जळालेल्या असतात, दुखणार काय? स्वच्छ बोलतात, पाणी मागतात. सासू पडद्याबाहेर सगळ्यांना सांगत होती, बोलतीया की चांगली, हुईल बरी.

दुपारी नायब तहसीलदार जबाब घ्यायला आले. असा पेशंट दगावायच्या आत त्याचा जबाब घेऊन ठेवतात, आणि पेशंट शुद्धीवर आहे अशी डॉक्टरची सही त्याला लागते. ते व्हरांड्यात टेकले होते. मी सासूला लांब बसवलं, पडदा ओढला. तेव्हा शालननं मला खाली वाकायला लावलं.

"बाई, खरं सांगा. जगणार आसंन तर पोरीला घिऊन त्याच घरात ऱ्हायचं हाय, मग स्टो भडाकला म्हन्ते. मरणार आसंन तर काय झालं त्ये सांगून मरते."

इतका सरळ प्रश्न मला पुढं आयुष्यात कुणी विचारला नाही. आणि उत्तर तर मी सकाळीच लिहून ठेवलं होतं — नाही का?

"जगशील गं," मी म्हणाले. "का नाही जगणार?"

स्टोव्ह भडकला, असं तिनं सांगितलं. मी सही केली.

आता तुम्ही म्हणाल, मरणाऱ्या बाईला तोंडावर कोण सांगणार, बाई? बघा, आलात ना धीरावर! इथवरचं सांगितलं तर लोक डोळे पुसतील, माझ्या पाठीवरून हात फिरवतील. म्हणूनच मी इथवरचंही कधी सांगितलं नाही. कारण खरं पुढंच आहे.

तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला. अंग सुजलं, धाप लागायला लागली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमाला ठावं हुतं." मी बाटलीतलं सलाईन बघत होते. मग म्हणाली, "त्या सायबास्नी परत बोलवा. आदी मी खोटं सांगितलं."

काय करायचं होतं मला? आवारातल्या पोलीस चौकीत एक ओळीची चिठ्ठी धाडायची. बस्स. पण साहेब विचारणार, आधी खोटं का सांगितलंस? आणि ती सांगणार, या बाई म्हणाल्या जगशील, म्हणून. ते कागदावर येणार. माझ्या नावानिशी. मग कोर्ट, तारखा, सरांचा चेहरा. पदवी दोन महिन्यांवर आली होती — एवढंच होतं हो, एवढंच!

मी तिला म्हणाले, बोलावते. चिठ्ठी धाडली नाही. दिवसभरात तिनं तीनदा विचारलं, आलं का सायेब? तिन्ही वेळा मी म्हणाले, येताहेत. आणि केसपेपरवर लिहिलं — ताप, पेशंट असंबद्ध बोलते. ती ओळ पडल्यावर कुणी जबाब घेऊच शकत नव्हतं. कुणी आलंही नाही.

पाचव्या दिवशी ती गेली. वडील कोयनानगरला नोकरीला. त्यांना कुणी वेळेवर कळवलंच नव्हतं. ते पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. चार वर्षांची पोर आजीच्या, म्हणजे त्याच सासूच्या, मांडीवर बसून त्याच जीपमधून परत गेली. वडील माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"डॉक्टरीणबाई, शेवटाला काय बोलली का वो माझी पोरगी?"

मी म्हणाले, तापात होती हो, काही कळत नव्हतं तिला.

ताप होता. पण ती पूर्ण शुद्धीवर होती.