भिंगरीकडं पाठ करून

शेळगावातून निरवांगीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून गेणबा आणि कौसल्याकाकूंचं रान आहे. थोडा ऊस, थोडा मका आणि गोठ्यामागं कुंपण घातलेली मोकळी जागा. त्या जागेत एक गाढवीण आणि तिचं शिंगरू राहतं. गावात कुणी ‘गाढववाल्या काकू’ म्हटलं तर काकू रागावत नाहीत. “व्हय, त्येच मी,” म्हणतात.

ओढ्यापलीकडची वीटभट्टी बंद पडली, माणसं निघून गेली आणि ही मायलेकरं पाटाच्या कडेला तशीच राहिली. आईच्या पाठीवर ओझ्यानं पडलेली जखम होती, पुढच्या पायात तार रुतली होती. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं दाखवत दाखवत काकूंनी त्यांना घरापर्यंत आणलं. गेणबा दारातच आडवे आले.

“ही ब्याद कशाला आणलीस? लोकं हसत्याल.”

“हसू द्या. पायातली तार तर निघंल.”

डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन देऊन तार काढली. पाय बरा झाला, पण भीती काही जाईना. कुणी घाम पुसायला हात वर केला तरी ती थरथरायची. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की जागेवरच गरागरा फिरायची. म्हणून काकूंनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. शिंगराचं नाव बाळ्या. आई करील तेच तो करायचा.

काकू रोज भाजी निवडायला त्या कुंपणात जाऊन बसू लागल्या, तेही भिंगरीकडं पाठ करून. बघायचं नाही, हाक मारायची नाही. मेथी निवडता निवडता सुनांच्या, लेकींच्या, दुखऱ्या गुडघ्याच्या गोष्टी सांगायच्या. कितीतरी दिवसांनी मानेवर गरम श्वास आला. काकू हलल्या नाहीत, हातातली जुडी तेवढी मागं सरकवली. पुढं तिनं मानेला हात लावू दिला, मग खूर साफ करू दिले. तोंडावर बांधायची म्होरकी आधी नुसती फाटकाला टांगून ठेवली होती. भिंगरीनं हुंगून हुंगून तिची ओळख करून घेतली, तेव्हा कुठं ती चढवली.

गेणबा मात्र कुंपणाच्या आत कधी गेले नाहीत. तसेही ते फार बोलणारे नव्हतेच.

मग पावसाळ्यात काकू गोठ्यात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. बारामतीला ऑपरेशन झालं. चालता येईपर्यंत लेकीकडं, स्वरूपाकडं, राहायचं ठरलं. दवाखान्यात काकूंचा पहिला प्रश्न, “भिंगरीला कोण बघतंय?”

गेणबा बघत होते. म्हणजे कडबा कुंपणावरून आत फेकत होते. भिंगरी कोपऱ्यात अंग चोरून उभी राहायची. ते गेल्यावर पाणी प्यायची, पण कडब्याला तोंड लावायची नाही. बरगड्या दिसू लागल्या तेव्हा त्यांनी बायकोला फोन केला.

“कौसल्ये, ही खाईना गं.”

“आत जा. पाठ करून बसा. काहीतरी बोला.”

“गाढवाशी काय बोलू?”

“जे माझ्याशी बोलत न्हाय, ते बोला.”

गेणबांनी फोन तसाच सदऱ्याच्या खिशात टाकला. बंद करायचा राहून गेला. पलीकडं काकूंनी हाक मारली, मग ऐकतच राहिल्या.

बादली पालथी घातल्याचा आवाज आला. घसा खाकरल्याचा आला.

“पाऊस बरा हाय औंदा,” गेणबा एकदाचे बोलले. “चहा मला जमत न्हाय. ती करती तसा न्हाय हुत.” मग म्हणाले, “माझी बी बैलं हुती. ट्रॅक्टर आला, त्यांना इकलं. टेंपोत चढवताना लाल्या माझ्याकडं वळून बघत हुता आणि मी घरात गेलो. तवापासनं जनावराला हात लावावा वाटत न्हाय. तिला हे कधी सांगितलं न्हाय. आता ती पडली आणि घर खायला उठतंय. लंगडत का हुईना, लवकर येऊ दे.”

काकूंनी फोन उशीवर ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. स्वरूपा घाबरली, “आई, दुखतंय का?” काकू म्हणाल्या, “न्हाय गं.”

काकू काठी टेकत घरी आल्या तेव्हा भिंगरी अंगानं चांगली भरली होती. फाटक वाजलं तशी ती पुढं आली आणि सरळ गेणबांच्या खांद्याला तोंड घासू लागली. काकूंना आनंद झाला आणि जरा रागही आला.

“मला इसरली व्हय गं?”

भिंगरीनं काठीकडं पाहिलं आणि मागं सरकली. गेणबांनी लगेच काठी काढून घेतली आणि बायकोला आपल्या हाताचा आधार दिला. मग भिंगरी आली.

त्या संध्याकाळी चहा पिताना काकूंनी सांगून टाकलं, “त्या दिवशी फोन चालूच हुता. लाल्याचं समदं ऐकलं मी.”

गेणबा कानापर्यंत लाल झाले. “मग आता सांगायचं काय राह्यलं?”

“राह्यलंय की. पाठ करून सांगितलं हुतं. आता माझ्याकडं बघून सांगा.”

त्यांनी सांगितलं, अडखळत सांगितलं.

हल्ली सकाळी दोघं मिळून गाढवांना रस्त्यापलीकडच्या पडीक रानात चरायला नेतात. भिंगरीच्या दाव्याला गेणबा असतात, बाळ्याच्या मागं काकू, सावकाश पावलं टाकत. ट्रॅक्टर आला तर चौघं कडेला थांबतात. भिंगरी अजून कान टवकारते, कधी थरथरते. गेणबा तिच्या मानेवर हात ठेवून तिच्याशी काहीबाही बोलत राहतात.