थोरल्या जावयाची कंबर

"तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही," डॉक्टर म्हणाले, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला राग आला. बायकोने तिथल्या तिथे हात जोडले. माझ्या मनात एवढंच आलं, मग दत्तूरावांना कशी होती?

दत्तूराव माझे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सांगोल्याकडे त्यांची मेंढरं आणि थोडी डाळिंबं. गेल्या वर्षी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून सासुरवाडीत दुसरा विषय नाही. खरं तर कंबर आधी माझी दुखत होती. सोलापुरात भवानी पेठेतल्या शाळेत फळ्यापुढे उभं राहून राहून ती कामातून गेली होती. पण पट्टा बांधून हिंडणाऱ्याला कोण विचारतो? ऑपरेशनवाल्याला बघायला मात्र जीप भरून माणसं जातात. मी जळत होतो, आणि ते मला कळतही होतं.

माझ्या एमआरआयमध्ये, म्हणजे मणक्याच्या आतली चित्रं काढणाऱ्या तपासणीत, 'डिस्क बल्ज' निघालं होतं. दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आली होती. डॉक्टरांनी मला आडवं करून पाय सरळ उचलून बघितला, टाचांवर चालवलं, पायाचा अंगठा वर ताणायला लावला.

"नुसत्या कंबरदुखीला आम्ही सहसा चाकू लावत नाही, सर. व्यायाम करा, चाला. कळ गुडघ्याखाली उतरून औषधाने हटेना किंवा पाय बधिर झाला, तर दाखवायला या. पाऊल उचलेनासं झालं तर त्याच दिवशी या. आणि लघवी-संडासावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर पडली, तर घरी बसून विचार करू नका, तसेच निघा."

हे वाचणाऱ्यांनी एवढं तरी पाठ करावं.

व्यायामाने मला बरं वाटू लागलं. मग अधिक महिना आला. आमच्याकडे या महिन्यात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. पाटावर बसवतात, ओवाळतात. त्या आठवड्यात माझी कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरली होती, पण मी कुणाला बोललो नाही. साडूची नक्कल करतोय म्हणाले असते.

सासुरवाडीत दोन पाट मांडलेले, भोवती रांगोळी. सासूबाईंनी एक पाट उचलला आणि तिथे दत्तूरावांसाठी खुर्ची ठेवली. "त्येंचं ऑप्रेशन झालंय की," त्या म्हणाल्या. थोरला जावई खाली आणि धाकटा वर. त्यांचे गुडघे माझ्या तोंडासमोर. मला धोंडा गोड लागेना.

जेवण उरकून उठलो तर डावं पाऊल लोंबायला लागलं. अंगठा वर होईना. मी भिंत धरली.

"मुंग्या आल्या व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

बाहेर कट्ट्यावर बसून मी अंगठा हलवायचा प्रयत्न करत राहिलो. डॉक्टरांचं बोलणं मला चांगलं आठवत होतं. पण आता सांगावं, तर खुर्ची मिळाली नाही म्हणून सोंग घेतलं असं म्हणतील, ही भीती पाय जायच्या भीतीपेक्षा मोठी होती. हसू नका. घरोघरी असंच असतं.

तेवढ्यात दत्तूराव बाहेर आले. गाडी फक्त त्यांच्याकडेच होती. मी मान खाली घालून सांगितलं, "पाऊल उचलत नाही."

ते हसले नाहीत. "बसा, गुरुजी. गाडी काढतो."

सोलापूरच्या रस्त्यावर ते पहिल्यांदाच सविस्तर बोलले. "मी कळपामागं लांब हुतो. पाय लोंबत हुता, पर चालतंय की म्हनलं. लई दिस काढले. डॉक्टर म्हनले, उशीर केला." मग त्यांनी एका हाताने पँट वर ओढली. घोट्याला प्लास्टिकचा आधार बांधलेला होता. वर्षभर मी त्यांच्या मानपानाकडे बघितलं, चालण्याकडे कधी बघितलंच नाही.

दवाखान्यात याला 'फूट ड्रॉप' म्हणतात हे कळलं. नस दबल्यामुळे पाऊल वर उचलता येत नाही. नवीन एमआरआयमध्ये गादीचा तुकडा नसेवर बसलेला दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी 'डिस्केक्टॉमी' झाली, म्हणजे तो तुकडा काढला. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले, "पण नस किती भरून येईल, ते मी आज सांगू शकत नाही."

कळ गेली. अंगठा मात्र तसाच. घरी आल्यावर मी रोज त्याच्याकडे बघत पडून राहायचो. फिजिओथेरपिस्ट यायचे, धीर धरा म्हणायचे. मला धीर नव्हता.

दत्तूराव डाळिंबं घेऊन भेटायला आले त्या दुपारी तो हलला. अगदी थोडा, पण वर. बायको रडायला लागली. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "तुमच्यामुळं."

"ब्येस झालं, गुरुजी," ते म्हणाले. "आता हिंडायला लागा." आणि परत माझ्या अंगठ्याकडे बघत बसले. बोलणं दुसरीकडे गेलं, पावसापाण्यावर, मेंढरांवर, तरी त्यांची नजर तिथेच येत होती. ती नजर ओळखायला मला वेळ लागला नाही.

मी पाय हळूच पांघरुणात घेतला.