तीन वर्षं टिकणारी झड

मोरपठार हे वाईच्या वर, घाट चढून गेल्यावर लागणारं थंड हवेचं गाव. तिथं मी अडतीस वर्षं गवंडीकाम केलं. आता गुडघे गेले. बसून दुसऱ्यांचं काम बघतो. बहुतेक काम बघवत नाही. नाथाजीचं बघवतं.

नाथाजी झडी बांधतो. मोरपठारचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. इथली जुनी घरं जांभ्या दगडाची, दगडांमधल्या दरजा मातीच्या. अशी भिंत चार महिने पाणी प्याली की आतून मऊ होते आणि एक दिवस काही न सांगता बसते. म्हणून मे महिन्यात भिंतीबाहेर गवताची दुसरी भिंत उभी करायची. तिला झड म्हणतात. बांबूचा सांगाडा, त्यावर खालून वर वाळल्या गवताचे थर, प्रत्येक थर खालच्यावर वीतभर चढलेला, आणि सुंभाची गाठ. खालचा काठ भिंतीपासून दीड हात बाहेर, म्हणजे पाणी लांब पडतं आणि मधून वारा खेळतो.

सांगायला सोपं आहे. दुसरे लोक हातभर अंतरावर गाठ मारतात. नाथाजी वीतभर अंतरावर मारतो. दुप्पट गाठी झाल्या. गाठ मारली की तिला लोंबकळून बघतो. सत्तरीला दोन वर्षं कमी आहेत, तरी लोंबकळतो. खाली त्याची बायको मनुबाई पेंढ्या फेकते आणि बोलते.

"आवं, गाठीला लोंबताय का गाठ तुमाला लोंबतीय?"

"पेंढी दे."

"देते. खाली पडलासा तर मला बोलवू नका, मी गवत आवरतीय."

मागच्या वर्षी मे महिन्यात नगरपरिषदेनं ठराव केला. हल्ली पाऊस बघायलाही पर्यटक येतात. पावसात उभे राहून फोटो काढतात, आणि फोटोत मागं निळं प्लास्टिक गुंडाळलेली घरं येतात. सभेत एक सदस्य म्हणाले की, आपलं गाव पट्ट्या बांधून दवाखान्यात पडल्यासारखं दिसतं. सगळ्यांना ते पटलं. ठराव झाला: रस्त्यावरून दिसेल असं कोणतंही आच्छादन परवान्याशिवाय लावायचं नाही. राग प्लास्टिकवर होता. पण लिहिताना 'कोणतंही' लिहिलं, आणि गवत त्यात सापडलं.

हे आम्हाला कळलं ते गोदावरीबाईंच्या अंगणात. बाई शाळेत शिकवायच्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, एकट्या राहतात. घर रस्त्याला लागून. पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडाला. ती भिंत माझ्या ओळखीची आहे, दोनदा दरजा भरल्यात मी तिच्या. अजून एक पावसाळा उघड्यावर काढायची ताकद तिच्यात नाही.

झड कमरेपर्यंत आली होती तेव्हा धैर्यशील आले. नगरपरिषदेचे नवे अभियंता, कराडच्या कॉलेजात शिकलेले. माणूस वाईट नाही. पण पुस्तक पाठ आहे.

"बाबा, परवाना?"

"कशाचा?"

"या बांधकामाचा."

नाथाजीनं मागं वळून बघितलं, कोण कुठं बांधकाम करतंय म्हणून. "सायेब, ही झड हाय."

"भिंतीला लागून उभं आहे, रस्त्यावरून दिसतं. परवाना घ्या, मग बांधा. तोवर थांबवा."

बाई ओसरीवरून म्हणाल्या, "अहो, आणि भिंत पडली तर?"

"पडली तर पुन्हा बांधायची परवानगी मिळते, बाई. फक्त नव्या नियमानं रस्त्यापासून तीन मीटर जागा सोडावी लागेल."

मी डोळ्यांनी मापलं. तीन मीटर सोडले तर बाईंच्या घरातलं फक्त न्हाणीघर उरत होतं. बाईंनीही मापलं असावं. त्या खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. परवान्याच्या खिडकीत सिद्धू असतो. मनुबाईच्या माहेरचा, आमच्याशी नीट बोलतो. चार महिन्यांपर्यंतचं तात्पुरतं काम असेल तर परवाना त्याच आठवड्यात मिळतो, असं त्यानं सांगितलं. नाथाजीचा चष्मा घरी राहिला होता. म्हणून सिद्धू एकेक रकाना वाचायचा आणि लिहून घ्यायचा. नाव झालं, गाव झालं, लांबी-उंची झाली.

"बांधकाम किती काळ टिकेल?"

"तीन वर्षं," नाथाजी म्हणाला.

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं पाय काढून घेतला.

"काका, तीन वर्षं?"

"माजी झड हाय. लिव."

सिद्धूनं लिहिलं. संध्याकाळपर्यंत अर्ज धैर्यशीलांच्या टेबलावरून परत आला. तीन वर्षं टिकणारं म्हणजे कायमचं बांधकाम. त्याला नकाशा लागतो, पायाचा तपशील लागतो, समितीची मंजुरी लागते. समिती सप्टेंबरात बसणार होती. पाऊस जूनमध्ये.

आम्ही परत खिडकीत.

"काका, नवा अर्ज लिवतो. नुसतं चार महिने म्हणा."

"न्हाई."

"मग दरवर्सी काढता कशापायी?"

"भिंतीला ऊन नको? ऊन लागावं म्हणून काढतो, कुजती म्हणून न्हाई. कवा काढणार ते लिव की. दसऱ्याला काढतो."

सिद्धूनं कागद उलटसुलट केला. "कवा काढणार त्याचा रकाना न्हाई. किती टिकंल त्याचाच हाय."

"मग तीन वर्षं."

मनुबाई मागं उभी होती. "चार महिने म्हणा की. तुमचा सदरा तरी कुठं चार महिने टिकतो?"

"सदरा मी शिवला न्हाई," नाथाजी म्हणाला.

मीही समजावलं. बाईंचं घर जाईल, कागदावर चार महिने लिहिल्यानं काय बिघडतंय, असं बोललो. तो शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, तुमी बांधलेली भिंत दोन वर्सांत पडंल असं लिवून सही कराल का?"

मी केली नसती.

पण पाऊस कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. मृगाला आठ दिवस राहिले. वारा फिरला. बाईंच्या अंगणात झड कमरेएवढी उभी, आणि तिच्यावर उघडी भिंत. रोज संध्याकाळी नाथाजी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून तिच्याकडे बघायचा. जेवण कमी झालं, असं मनुबाई म्हणाली. तरी चार महिने म्हणेना.

शेवटी बाई स्वतः कचेरीत गेल्या. मला बरोबर घेतलं, नाथाजीलाही. बाईंची जुनी सवय म्हणजे भिंतीवर लावलेलं सगळं वाचायचं. लस, पाणीपट्टी, कुत्र्यांची नोंद, सगळं वाचत त्या एका कागदापाशी थांबल्या. कार्यक्रमांसाठी मंडप परवाना. अर्ज केला त्याच दिवशी मिळेल. गावात महोत्सव फार होतात, त्यामुळं ही खिडकी पळते.

"नाथाजी, इकडे या. हे ऐका. 'मंडप वादळवाऱ्यात टिकेल याची बांधणाऱ्याने लेखी हमी द्यावी.' द्याल?"

नाथाजीचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा उजळला. "किती वर्सांची पाहिजे?"

मंडपाची खिडकीही सिद्धूकडेच. त्यानं अर्ज काढला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि पेन उघडलं.

"कार्यक्रम काय?"

"पोथीवाचन," बाई म्हणाल्या. "मी वाचणार."

"जागा?"

"माझ्या घराची पश्चिम बाजू."

"श्रोते?"

"हे दोघे. आणि मनुबाई."

"किती दिवस?"

"पोथी संपेपर्यंत."

"बाई, किती पानं हायत?"

"पुष्कळ."

हमीच्या रकान्यात नाथाजीनं या वेळी चष्मा लावून स्वतःच्या हातानं लिहिलं. तीन वर्षं. सिद्धू म्हणाला, "काका, लोकं तीन दिवसांची देत्यात." नाथाजी म्हणाला, "त्यांचं त्यांना म्हाईत."

परवाना घेऊन आम्ही दुपारी दोनला बाहेर पडलो. अडीचला नाथाजी झडीवर होता. उरलेली अर्धी झड दोघांचं चार दिवसांचं काम होतं. मला धरून तिघांनी ती तीन दिवसांत उभी केली. मी गुडघ्यामुळं फक्त सुंभ भिजवून देत होतो. ते अर्ध्या माणसाचं काम धरावं. शेवटची गाठ मारून नाथाजी तिला लोंबकळला, आणि त्याच संध्याकाळी पहिली सर आली. आडवी.

दुसऱ्या दिवसापासून पोथी सुरू झाली. झड आणि भिंत यांच्यामध्ये दीड हाताची बोळ. तिथं बाईंची खुर्ची, आणि आम्ही तिघं पोत्यावर एकामागं एक, गाडीत बसल्यासारखे. रोज चार वाजता. कार्यक्रम बंद पडला की परवाना संपला, हे सिद्धूनं बजावून सांगितलं होतं.

जुलैत धैर्यशील तपासणीला आले. नखशिखांत भिजलेले. छत्री होती, पण तिच्या काड्याच राहिल्या होत्या. बोळीच्या तोंडाशी वाकून त्यांनी आत बघितलं.

"इथं मंडपाची परवानगी आहे."

"हाच मंडप," बाई म्हणाल्या.

"ही तर झड आहे, बाई!"

"आत या आधी. भिजताय. बसा, ओवी अर्धी राहिली आहे."

ते बसले, माझ्या मागं. बाईंनी अध्याय पुरा केला. पोथी मिटली आणि विचारलं, "सांगा, राजानं दिलेला वर का परत घेतला?"

धैर्यशील उठून उभे राहायला गेले आणि बांबूला डोकं आपटलं. "लक्ष नव्हतं, बाई."

"उद्या नीट ऐका."

जाताना त्यांनी भिंतीला तळहात लावला. कोरडी. पुन्हा लावला. मग नाथाजीला म्हणाले, "बाबा, माझ्या खोलीची भिंत इतकी ओली आहे की कॅलेंडर टिकत नाही."

"कुनाचं घर?"

"नगरपरिषदेचंच. कर्मचारी निवास."

"मग परवाना काढा," मनुबाई म्हणाली.

कागदावर त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं: कार्यक्रम सुरू आहे. खोटं नव्हतं. त्यानंतर दर गुरुवारी ते तपासणीला यायचे. चारच्या आधी यायचे.

अडचण ऑगस्टात आली. बाई शिक्षिका, वाचन भरभर. पोथीची वीस पानं उरली आणि पाऊस अजून सहा आठवडे होता. बाईंनी पानं मोजली, आकाशाकडं बघितलं, आणि वेग उतरवला. रोज अर्धं पान. मग पाव पान, अर्थासह. गणपती उठेपर्यंत दिवसाला एक ओवी झाली. एका ओवीवर त्या तासभर बोलायच्या. व्याकरण सांगायच्या, शेजाऱ्यांचे दाखले द्यायच्या.

मनुबाईला दम निघेना. "बाई, कथेत लगीन ठरल्याला पंधरा दिस झालं. आजून नवरी घरातनं भाईर येईना."

"येईल. हस्त नक्षत्र सरू दे."

हस्त सरला. पाऊस हटला. बाईंनी शेवटच्या अठरा ओव्या एका बैठकीत वाचल्या, नवरी बाहेर आली, लग्न लागलं, शिऱ्याचा प्रसाद झाला. धैर्यशीलांनी दोनदा घेतला आणि तोंड पुसून कागद काढला.

"कार्यक्रम आज संपला. परवान्याच्या मागं छापलंय, संपल्यापासून चोवीस तासांत मंडप उतरवायचा."

मागची बाजू आम्ही कोणीच वाचली नव्हती. बाईंनीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाथाजीनं सोडायला घेतली. पण वीतभर अंतरावर गाठ, आणि चार महिने भिजून वाळलेलं सुंभ. गाठ म्हणजे लोखंड. मी म्हटलं, कोयत्यानं तोड. तो म्हणाला, सुंभ चांगलं हाय, तोडायचं कशाला? एकेक गाठ सोडली. मनुबाई खाली पेंढ्या रचत होती. पहिल्या दिवशी अर्धीही उतरली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा बांबू निघाला आणि पश्चिमेचं ऊन भिंतीवर पडलं. मी दरजा बोटानं दाबून बघितल्या, वरपासून खालपर्यंत. एकाही दरजेत बोट रुतलं नाही. बाई माझ्या मागोमाग प्रत्येक दरज दाबत आल्या. मग आत जाऊन त्यांनी खिडकी उघडली आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

धैर्यशील नोटीस घेऊन आले. मुदतीत मंडप न उतरवल्याबद्दल समज देण्यात येत आहे. कारण: बांधणी जास्त मजबूत असल्यामुळे उतरवण्यास अडीच दिवस लागले. त्यांना ती देताना लाज वाटत होती. "बाबा, नियम आहे. मनाला लावून घेऊ नका."

नाथाजीनं चष्मा लावला. नोटीस सावकाश वाचली. ओठ हलवत दुसऱ्यांदा वाचली. मग परत त्यांच्या हातात दिली.

"सायेब, एक राहिलं. दोन माणसं लिवा. अडीच दिस, दोन माणसं. न्हाईतर लोकं म्हणतील एकटाच रेंगाळत हुता."

धैर्यशीलांनी खिशातून पेन काढलं आणि भिंतीवर कागद टेकवून लिहिलं.

"आनि शिक्का?" नाथाजी म्हणाला. "फिक्का उठलाय. कचेरीत येतो मी, दुसरा मारून द्या."