बाटल्या भरणारे भाऊ

बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत माझी ओळख ‘उंदरांना दारू पाजणारी’ अशी आहे. मला त्याचा राग येत नाही, कारण ते खरंच आहे. दारूचं व्यसन मेंदूत कसं घर करतं, हे तपासणारी प्रयोगशाळा मी रायपुरात उभी केली आणि आजही मीच चालवते. हाताखालची पोरं मला घाबरतात. घाबरावंच, ढिसाळ नोंदी मला खपत नाहीत.

आमचा मुख्य प्रयोग सांगायला सोपा आहे. उंदीर पेटीतली दांडी दाबतो, त्याला दारूचा घोट मिळतो. मग दारू बंद करायची. काही दिवस तो दांडी दाबून दाबून कंटाळतो आणि नाद सोडतो. मग एके सकाळी पेटीत दारूचा फक्त वास सोडायचा. घोट नाही, नुसता वास. उंदीर धावत जाऊन पुन्हा दांडी दाबायला लागतो. हा निकाल मी किती सभांमध्ये ताठ मानेने मांडला असेल, याला गणती नाही.

स्पिरिटमध्ये पाणी मिसळून बाटल्या भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं वजन करायचं, हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. पन्नाशीचे, मूळचे विदर्भातले, आधी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात होते. पीएचडीच्या मुलांपेक्षा त्यांचा हात चोख. मी ते सगळ्यांदेखत बोलून दाखवायचे आणि भाऊ खूश व्हायचे.

एका दुपारी त्यांची बायको माझ्या खोलीत आली. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती.

“मॅडम, ह्यायचं काम बदलून द्या. दारू सोडून चार वर्षं झाली ह्यायले. पण इथून येतात तं शर्टाले रोज तोच वास येते. पिऊन आले का नुसते कामावरून आले, मी रोज हुंगून पाहते. मले आता झेपत नाही.”

दारू सोडलेला माणूस मी रोज सकाळी दारूच्या वासात उभा केला होता. आणि त्या वासाने काय होतं, हे या शहरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, म्हणून ती गेल्यावर मी भाऊंना लगेच बोलावलं आणि त्यांच्याच बोलीत झापलं.

“भाऊ, तुम्ही प्यायचे हे मले आधी काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तं तुम्ही काम दिलं असतं का?”

“नसतं दिलं. उद्यापासून तुम्ही पिंजऱ्यांचं दाणापाणी पाहा. बाटल्यांना हात लावायचा नाही.”

एरवी ‘हव’ म्हणून निघून जाणारे भाऊ जागचे हलले नाहीत.

“तीन वर्षं झाली मॅडम. रोज बाटल्या भरून राहिलो, एक थेंब तोंडात नाही गेला. रोज जिंकून राहिलो मी. अन् तुम्ही मले हरलेल्यासारखं हटवून राहिल्या?”

त्यांचं म्हणणं खरं होतं. माझ्या उंदरांना जे एकदाही जमलं नव्हतं, ते हा माणूस रोज करत होता, आणि माझ्या कुठल्याच नोंदीत ते नव्हतं. तरी माझा निर्णय चुकीचा नव्हता. वास येईपर्यंत त्या उंदरांनीही कितीतरी दिवस दांडीकडे पाहिलं नव्हतं.

“तुम्ही हरले म्हणून नाही, भाऊ,” मी म्हटलं. “मले भेव लागते म्हणून.”

भाऊ म्हणाले, “मलेही लागते. रोज लागते.”

आणि खिशातून स्पिरिटच्या कपाटाची किल्ली काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. विश्वासाचा माणूस म्हणून ती तीन वर्षांपूर्वी मीच त्यांना दिली होती.