टाकीच्या झाकणाचं भोक

फटफटीच्या पेट्रोल टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. टाचणी जेमतेम जाईल एवढं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरेल तसतशी त्या भोकातून हवा आत शिरते. हवा शिरली नाही तर पेट्रोल उतरत नाही आणि चांगली चाललेली गाडी रस्त्यात गप्प होते. पुढं ज्यांना ज्यांना मी हे काम शिकवलं त्यांना पहिल्या दिवशी हे भोक दाखवलं. मला ते कसं कळलं हे मात्र कुणाला सांगितलं नाही, घरातसुद्धा नाही. आता लिहून टाकतो. लिहिताना लाज वाटते आहे, आणि वाटावी अशीच ही गोष्ट आहे.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. धाराशिवात एका लिंगायत व्यापाऱ्याकडं मी मिस्तरी होतो. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांची भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं बेंबळीला, माकणीला आणि आणखी दोन गावांत होती. प्रत्येक यंत्राला एक ऑइल इंजिन, आणि इंजिन म्हटलं की रुसवेफुगवे आलेच. निरोप यायचा, मी बैलगाडीनं निघायचो आणि पोचेपर्यंत तिथं शेंगांच्या पोत्यांचा डोंगर झालेला असायचा. शेवटी अप्पांनी सोलापुरात लिलावातून लढाईची एक जुनी फटफटी आणली. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर तिचे कागद सुटायलाच आठवडा गेला. पण गाडी जबरदस्त होती. उंच, जाड नक्षीच्या टायरांची. गाडीवाट असो, ओढा असो, नांगरलेलं रान असो, ती थांबायची नाही.

ती चालवायला अप्पांनी एक फौजी ठेवला. सोनारीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, चाळिशीचा माणूस. लढाईत तो अशाच गाडीवरून निरोप पोचवायचं काम करत होता. बोलायचा कमी. पेट्रोलचे डबे त्याच्या ताब्यात असत. पेट्रोल तेव्हा परवान्यावर मिळे आणि अप्पा त्याला तुपासारखं जपत. फौजी पुढं, मी मागं, मांडीवर हत्यारांची पिशवी, असे आम्ही गावोगाव फिरायचो. तो मला मान द्यायचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा असून. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यात हवा गेली होती. सोलापूरच्या गिरणीत शिकून आलो म्हणून पंचक्रोशीत मला मिस्तरीसाहेब म्हणत. मी ऐकून घ्यायचो.

खरं सांगायचं तर मी ऑइल इंजिनचा मिस्तरी. फटफटी मी आयुष्यात पहिल्यांदाच उघडत होतो. पण ते कबूल करायला जीभ रेटली नाही.

खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं आणि यंत्रं पुजायचो. पूजा माझ्याकडं. अप्पा विभूती लावायचे आणि बाकीचं माझ्यावर सोडायचे. त्या वर्षी फटफटी नवीनच आलेली, तेव्हा तिची पूजा थाटात व्हायला हवी. मी गोड्या तेलात शेंदूर कालवला आणि टाकीच्या झाकणावर अंगठ्यानं चांगला जाड थापला. सगळ्यात वर झाकण, म्हणजे तेच तिचं कपाळ असा माझा हिशोब. वर हळदकुंकू, झेंडूचा हार. फौजीनं नारळ फोडला. शेंदूर पुसायचा नाही अशी माझी सगळ्यांना ताकीद होती, आणि फौजीनं ती पाळली. रोज गाडी पुसायचा, झाकण तेवढं सोडून.

चार-आठ दिवसांत शेंदूर वाळून खडखडीत झाला आणि गाडी रस्त्यात बंद पडायला लागली.

चार-पाच मैल झकास जायची, मग खोकायची, आचके द्यायची आणि थांबायची. मी उतरायचो. आधी झाकण उघडून पेट्रोल बघायचो, मग झाकण लावून कामाला लागायचो. प्लग काढून पुसायचा, कार्ब्युरेटर खोलून फुंकायचा, नळी झटकायची. पुन्हा जोडून लाथ मारली की गाडी सुरू. मी रुबाबात मागं बसायचो. झाकण उघडल्याबरोबर हवा आत गेली आणि दोष मिटला, बाकीची सगळी खोलाखोली फुकटची, हे मला कुठून सुचणार. चार मैलांवर पुन्हा तेच. एकदा फौजी म्हणाला की तिला दम लागल्यासारखा वाटतोय, पेट्रोल पोचत नसंल. मी त्याला उडवून लावलं. गाडी चालवणं वेगळं आणि ती कळणं वेगळं, असं काहीतरी बोललो.

पंधरा दिवस हे चाललं. माकणीला एकदा दुपारच्या ऐवजी दिवस मावळताना पोचलो, तिथलं काम खोळंबलं, आणि अप्पांनी दुकानासमोर मला विचारलं की एवढा शिकलेला मिस्तरी असून गाडी का दुरुस्त होत नाही. हमाल उभे होते, दोन गिऱ्हाइकं होती. माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी प्लग काढला. त्यावर काजळी होती, ती थोडीफार असतेच. टाकीत बोट बुडवलं, वास घेतला, आणि मोठ्या जाणकाराच्या थाटात म्हणालो, घासलेट आहे. कुणीतरी पेट्रोल काढतंय आणि वर घासलेट ओततंय. कुणीतरी म्हणताना माझी नजर फौजीवर होती, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या नजरेमागून गेल्या.

फौजी पुढं आला. त्यानंही बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाला, "मिस्तरी, हे पेट्रोलच हाय."

"मिस्तरी तू का मी?" मी म्हणालो.

तोवर मी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. वडीलधाऱ्या माणसाला चार लोकांत तू म्हणालो. चोरीच्या आळापेक्षा तो तू त्याला जास्त लागला असेल असं मला कधीकधी वाटतं. मग वाटतं, हीसुद्धा आपली सोयीची समजूत.

अप्पा माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, झालं गेलं सोडा, यापुढं डबे माझ्याजवळ राहतील. फौजीला ते पटेना. चोर म्हणून नोकरीत ठेवून घेतलेलं त्याला नको होतं. त्यानं कमरेची पुडी काढली, सोनारीच्या भैरोबाचा अंगारा होता तो, कपाळाला लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "उद्या सीलबंद डबा अप्पांनी सोता फोडावा. म्या बेंबळीला जातो. म्या थेंब जरी चोरला असंल तर भैरोबा गाडी वाटंत थांबवील. न्हाय थांबली तर मिस्तरीनं सगळ्यांदेखत बोललेलं मागं घ्यावं."

गाडी रोजच थांबते हे त्याला ठाऊक होतं, पण खऱ्या माणसासाठी भैरोबा ती चालवील असा त्याचा भरवसा होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडं अशी शपथ घेतली की पुढं बोलणं संपतं. कोर्टकचेरीपेक्षा तिचा मान मोठा. मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी करून अप्पांनी नवा डबा फोडला आणि स्वतःच्या हातानं ओतला. मी झाकण घट्ट लावलं. साक्षीदार म्हणून मीच मागं बसलो. फौजी गाडी इतकी जपून चालवत होता की दगडसुद्धा चुकवून. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. गाव मागं पडलं, ज्वारीची रानं लागली. चार मैल झाले, पाच झाले. मला खरोखर वाटायला लागलं की गाडी पोचणार आणि मला चारचौघांत तोंडघशी पडावं लागणार. पुढं एका चढावर तिनं खोकायला सुरुवात केली.

फौजीनं गाडी थांबू दिली. पुन्हा लाथ मारली नाही. उतरला आणि दहा-बारा पावलांवर बांधावर जाऊन पाठमोरा बसला, डोकं दोन्ही हातांत धरून.

मी गाडीजवळ एकटा उभा राहिलो. सुरुवातीला बरं वाटलं. ते लपवत नाही. मग टाळक्यात प्रकाश पडला. डबा नवा, सीलबंद, अप्पांनी ओतलेला. घासलेट येणार कुठून? मग आधीसुद्धा घासलेट नव्हतं. मी सवयीनं झाकणाला हात घातला. ते ओढून धरल्यासारखं घट्ट बसलं होतं. पीळ देऊन सैल केलं तर सुस्कारा सोडावा तसा आवाज आला आणि हवा आत गेली. त्या दिवशी मी कार्ब्युरेटरला हात लावला नाही, प्लग काढला नाही. झाकण बसवलं, लाथ मारली. गाडी सुरू झाली.

ती बंद करून मी झाकण हातात घेऊन उलटं धरलं. आतल्या बाजूला भोक दिसत होतं. वरच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा.

फौजी दहा पावलांवर होता. हाक मारायची होती, एवढंच. मी बाभळीचा काटा मोडला, त्याच्याकडं पाठ केली आणि भोक कोरून मोकळं केलं. मनात सगळा गोंधळ होता की अप्पा काय म्हणतील, हमाल कसे हसतील, मिस्तरीसाहेबांनी शेंदूर फासून स्वतःच गाडी मारली म्हणून गावभर होईल. बेंबळीला पोचल्यावर सांगू, असं मी स्वतःला म्हणालो. बेंबळीला पोचलो तेव्हा परत गेल्यावर सांगू म्हणालो. परतताना गाडी कुठंच थांबली नाही. ते मला कळत होतं, पण फौजीचं तिकडं लक्षच नव्हतं. त्याच्या लेखी निकाल लागला होता.

अप्पांना त्यानंच सांगितलं, वाटंत थांबली म्हणून. अप्पा तरी म्हणाले, राहा. त्यानं चामड्याचे हातमोजे अप्पांच्या गादीवर ठेवले आणि गेला. त्यानंतर गाडी कधी बंद पडली नाही, त्यामुळं चोर कोण होता याबद्दल कुणालाच शंका राहिली नाही. अप्पांनी मला फेटा दिला. मी तो बांधला.

चैत्रात सोनारीला भैरोबाची यात्रा असते. अप्पांच्या घरची मंडळी निघाली, त्यांच्याबरोबर मीही गेलो. देवळाबाहेर लिंबाच्या झाडाखाली फौजी दिसला. वाळला होता. मी तोंड चुकवून जाणार होतो, पण त्यानंच हाक मारली आणि शेजारी जागा करून दिली. त्याची बायको नारळ घेऊन आत गेली होती. हा बाहेरच बसला होता. गाडी थांबली त्या दिवसापासून तो देवळाची पायरी चढला नव्हता, हे त्यानंच सांगितलं. मग खालच्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलला.

"म्या पेट्रोल चोरलं न्हाय, मिस्तरी. पर देव उगं थांबवील का? लई इचार केला. लढाईत एका मेलेल्या माणसाच्या पायातले बूट काढून घेतले व्हते म्या. माजे फाटले व्हते. त्येचीच सजा असंल." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमी जाणकार हाय. एकच सांगा. त्या दिवशी गाडीत कायी दोष व्हता का?"

जवळ कुणी नव्हतं. अप्पांची मंडळी पुढं रांगेत होती. माझं काहीसुद्धा जाणार नव्हतं. अर्ध्या वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललो असतो तर सहा महिने मला ते माहीत होतं हेही बोलावं लागलं असतं, आणि तो मला तुमी म्हणत होता.

"नव्हता," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. जरा बरं वाटल्यासारखं दिसलं त्याला, कशाचा तरी मेळ बसल्यासारखं. मग म्हणाला, रांग वाढतीया, तुमी व्हा म्होरं, पायताण इथंच ठेवा, म्या हायच राखायला. मी वहाणा काढून त्याच्याजवळ ठेवल्या आणि दर्शनाला गेलो.