खिडकीतून आलेली वायर

ब्रेककाकांनी आमच्या अर्ध्या गल्लीला गाडी चालवायला शिकवलं. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा आणि तो ते असा दाबायचे की शिकणाऱ्याच्या कपाळाची काचेशी ओळख व्हायची. माझीही झाली. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही; कुणाच्याही शेजारी बसले की उजवा पाय आपला खाली दाबतोच आहे. वाटेत काचेचा तुकडा दिसला तर थांबून उचलणारा माणूस. म्हणून तर काकांच्या तोंडून ऐकल्यावरही, मागाहून काकूंनी सगळं सविस्तर सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काहीतरीच काय!"

निवृत्तीनंतर काकांनी विजेवरची गाडी घेतली. काकूंनी तिला पहिल्याच दिवशी नावं ठेवली. "क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. आता ओरडणार कोणावर?" गाडी उभी राहायची कुंपणाला लागून, घर अलीकडे आणि मधून सगळ्यांच्या जाण्यायेण्याची फरशीची वाट. भिंतीवर चार्जर बसवणारा वायरमन आज येतो, उद्या येतो करत होता. तोवर काकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक जाडजूड वायर बाहेर काढली आणि वाटेवरून आडवी गाडीपर्यंत नेली. लोकांना दिसावी म्हणून तिच्यावर लाल पायपुसणं टाकायचे. एवढी काळजी घेणारा माणूस!

त्या संध्याकाळी पायपुसणं धुऊन वाळत घातलं होतं. थोडा वेळच तर लावायची आहे, असं म्हणून काकांनी वायर तशीच सोडली.

शेजारच्या शिवणवाल्या मावशी तेवढ्यात दुरुस्तीचे कपडे घेऊन आल्या. पँट आखूड करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं यावर एकटीचा संसार ताठ मानेनं चालवलेली बाई. हातातला गठ्ठा हनुवटीला टेकलेला, खालचं काही दिसत नव्हतं. पाय वायरीत अडकला आणि त्या उजव्या हातावर आपटल्या.

काका खिडकीतच होते. ते धावत बाहेर आले आणि त्यांचा हात आधी वायरीकडे गेला. गाडीकडचं टोक उपटलं, भराभरा वायर गोळा केली, खिडकीतून आत भिरकावली. मावशी पालथ्या पडल्या होत्या, चष्मा लांब उडाला होता. मग काका त्यांच्याकडे वळले.

"पायात काही आलं का हो, भाऊ?" मावशींनी कण्हत विचारलं.

"नाही हो, ताई. चक्कर आली असेल."

झालं. एवढंच बोलले. पण ते बोलणं मावशींच्या डोक्यात घर करून बसलं.

हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं. दवाखान्यात नेणं-आणणं काकांनी अंगावर घेतलं, तेही त्याच गाडीतून. गल्लीत त्यांचं कौतुक सुरू झालं. मीसुद्धा म्हटलं, "काका, असा शेजार मिळायला भाग्य लागतं." ते माझ्याकडे न बघता गाडीची काच पुसत राहिले. मला वाटलं, लाजले. गाडी घरी चार्ज करणं त्यांनी बंदच केलं. लांबच्या चार्जिंग स्टेशनवर जायचे आणि तिथे वेळ घालवून उतरल्या तोंडानं परत यायचे.

काकूंना काय घडलं ते विचारावं लागलं नाही. स्वयंपाकघरात पडलेला वायरीचा गुंता त्यांनीच उचलला होता.

"जाऊन सांगा," त्या म्हणाल्या.

"प्लास्टर निघू दे. आत्ता कशाला तिच्या जिवाला त्रास?"

प्लास्टर निघालं. मग म्हणाले, हात जरा चालू लागू दे. मावशींसमोर गेले की ते भलतंच काहीतरी विचारून परत यायचे. डोळे तपासलेत का, झोप लागते का. एकदा तर त्यांना चक्करेची गोळी आणून दिली! काकूंनी त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

इकडे मावशी पार बदलल्या. मशीनवर बसायला घाबरू लागल्या. वाटेनं चालताना एक हात भिंतीला. तपासण्यांत काही सापडेना, तर डॉक्टर म्हणाले, मग जास्तच जपायला हवं, एकटं राहू नका. दुसऱ्या शहरातून मुलगी आली. तिचं म्हणणं सरळ होतं. आई घर सोडून माझ्याकडे येणार, मशीन कुणाला तरी देऊन टाकू. मावशींनी आधी वाद घातला, मग एकदम तयार झाल्या. "माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही गं," मला म्हणाल्या. मला रडू आलं.

मशीन द्यायला शेवटपर्यंत त्यांचा जीव होईना, म्हणून तेही बरोबर न्यायचं ठरलं. मुलीनं आणि मी ते काकांच्या गाडीत मागे चढवलं. सोडायला काकाच जाणार होते. मावशी पुढे बसल्या, मुलगी मागे. मी गाडीच्या खिडकीशी उभी होते. काका स्टिअरिंग धरून बसले होते. त्या गाडीला आवाज नसल्यामुळे ती सुरू आहे की नाही तेच आम्हाला कळेना.

"निघायचं ना, भाऊ?" मावशी म्हणाल्या.

"ताई, तुम्हाला चक्कर आली नव्हती," काका समोर बघत म्हणाले. "वाटेवर माझी वायर होती. गाडीला लावलेली."

मागून मुलगी जी कडाडली, ती थांबेचना. मावशींनी हात वर करून तिला गप्प केलं.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"काही नाही. तुम्ही ठणठणीत आहात."

मावशींचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता त्या सगळं माफ करून टाकतील. मग तो हळूहळू उतरला.

"मी तुम्हाला विचारलं होतं. पडल्या पडल्या विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा वायर कुठे होती?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आधी ती काढली," ते म्हणाले. "मग तुम्हाला उचललं."

मावशींनी पट्टा सोडवला, दार उघडलं आणि मुलीला म्हणाल्या, "मशीन खाली घे." काका घाईघाईनं उतरून मशीनला हात लावायला गेले, तर म्हणाल्या, "तुम्ही नको."

"ताई, तुमचा हात..." काका म्हणाले.

"हाताचं सोडा. हाड जुळलं. मी इतके दिवस भिंत धरून चालले, भाऊ."

आणि त्या वाटेच्या मधोमध, कशालाही न धरता, आपल्या घरी गेल्या. काका त्या आत जाईपर्यंत बघत उभे राहिले. मावशींनी वळून पाहिलं नाही.